जंजिऱ्याच्या गादीवर कोण बसले, कोणी बसवले?

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेची सहल मुरूड-जंजिऱ्याला गेली. कडावहून पहाटे चारला एसटी निघाली. खोपोली, पेण, अलिबाग, रेवदंडा करीत आम्ही राजपुरीच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. मुले शिडाच्या होडीत बसली. समोर पाण्यातून वर आलेला काळा तट पाहून सगळी गप्प झाली. तेवढ्यात सातवीतल्या एका मुलाने शेजारच्याला कोपराने ढोसले आणि म्हणाला, "हा तुमच्या नबाबाचा किल्ला. आमच्या राजाला घेता आला नाही."

शेजारचा गोंधळला. मग म्हणाला, "आमचा कसा? आमचे अब्बा तर कर्जतला गॅरेजमध्ये आहेत."

होडीत हशा पिकला. आम्हीही हसलो. दोघेही एका बाकावर बसणारे, एकाच डब्यातली भाकरी खाणारे. बोलण्यात द्वेष नव्हता, ऐकलेले तेवढे बोलून टाकले होते. पण परतीच्या वाटेवर ते वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. पंच्याहत्तर वर्षांहून अधिक काळापूर्वी संपलेल्या एका संस्थानाचा जबाब बारा वर्षांच्या पोराला द्यावा लागला होता, आणि शिक्षक म्हणून आमच्याकडेही तयार उत्तर नव्हते.

मग आम्ही इतिहासाच्या चार तासिका याच प्रश्नाला दिल्या. किल्ला कोणाचा, हा प्रश्न बाजूला ठेवला. त्याऐवजी फळ्यावर तीन रकाने आखले. गादीवर कोण बसले? त्याला कोणी बसवले? रयतेला विचारले का? आज वाचक बंधू-भगिनींसमोर तोच फळा ठेवत आहोत.

आधी नावाचे पाहू. अरबीत बेटाला 'जझीरा' म्हणतात. आपल्या कोकणी जिभेवर त्याचा 'जंजिरा' झाला. म्हणजे नाव किल्ल्याचे नव्हे, बेटाचे. या बेटाच्या जोरावर आजच्या मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन भागात जे राज्य उभे राहिले त्याला जुने लोक 'हबसाण' म्हणत. हबसाण म्हणजे हबशांचा मुलूख. हे हबशी, म्हणजेच सिद्दी, मूळचे पूर्व आफ्रिकेतले. पण बेटावरचा पहिला प्रमुख हबशी नव्हताच. तो होता आपल्या किनाऱ्यावरचा कोळी, राम पाटील. चाचे आणि लुटारू यांच्यापासून बचाव व्हावा म्हणून कोळ्यांनी तिथे लाकडी मेढेकोट उभारला होता. पाटलाला बसवणारी त्याची बिरादरी होती. फळ्यावरची पहिली ओळ ही.

पंधराव्या शतकाच्या शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीने बेटाकडे नजर वळवली. पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषात आला, कोळ्यांना दारू पाजली आणि रात्रीत कोट घेतला, अशी कथा किनाऱ्यावर सांगतात. पुढे बुऱ्हाणखानाच्या काळात, १५६७ ते १५७१ या वर्षांत, मेढेकोटाच्या जागी आज दिसतो तो दगडी किल्ला बांधला गेला. या काळात बेटाचा प्रमुख म्हणजे ठाणेदार. त्याला अहमदनगरहून नेमत आणि अहमदनगरहूनच काढत. दुसरी ओळ: बसवणारा निजामशहा.

इथे मुलांनी विचारले, "सर, आफ्रिकेतली माणसे एवढ्या लांब आलीच कशी?" उत्तर सुखाचे नाही. कोणी व्यापारी म्हणून आले, कोणी खलाशी म्हणून, आणि पुष्कळ जण लहानपणी विकले जाऊन. ज्याने निजामशाही कित्येक वर्षे मोगलांपासून राखली तो मलिक अंबर असाच लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. दख्खनच्या दरबारात मात्र असा माणूस तलवारीच्या आणि अकलेच्या बळावर वर चढू शकत असे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढची ओळ इथूनच उगवते.

१६३६ मध्ये निजामशाही संपली. कोकणचा हा भाग विजापूरकडे गेला. विजापूरने जंजिऱ्याच्या सिद्दीला 'वजीर' ही पदवी दिली आणि नागोठण्यापासून बाणकोटपर्यंतचा किनारा त्याच्या हवाली केला. बदल्यात दोन कामे: विजापूरच्या व्यापारी जहाजांचे रक्षण करायचे आणि हाजींना सुखरूप मक्केला पोहोचवायचे. ठाणेदाराचा आता मुलूखदार झाला.

पण या वजिरीचा एक नियम मोठा वेगळा होता. वजीर वारला की त्याचा मुलगा गादीवर येत नसे. सिद्दी सरदारांत हुद्द्याने जो पहिला, बहुधा आरमाराचा प्रमुख, तो मुलाला बाजूला ठेवून पुढे येई. आमच्या मते याचे कारण त्यांच्या जगण्यातच असावे. ज्यांना घरदार, भाऊबंदकी मागे टाकून यावे लागले त्यांचे गणगोत म्हणजे जहाजावरचे साथीदार. आणि समुद्रात तुफान उठले की सुकाणू कोणाच्या हाती द्यायचे हे बापाच्या नावावरून ठरत नाही.

या नियमाची कसोटी १६७०-७१ च्या सुमारास लागली. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याभोवती फास आवळत आणला होता. गादीवर फत्तेखान होता. तो थकला आणि बेट महाराजांच्या हवाली करायच्या विचाराला आला. तेव्हा संबूल, कासीम आणि खैरियत या तीन सिद्दी सरदारांनी त्याला कैद केले आणि कारभार आपल्यात वाटून घेतला. त्यांनी मोगलांशी सूत जुळवले. औरंगजेबाकडून आरमाराच्या प्रमुखाला 'याकूतखान' ही पदवी मिळू लागली. म्हणजे किताब दिल्लीचा, पण माणूस निवडलेला आपसांत. पुढे याकूतखान झालेला कासीम याच पद्धतीने वर आला. महाराजांनी जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांचा सेतू टाकायला घेतला. तरी बेट पडले नाही.

होडीतल्या पोराने बोलून दाखवले ते हेच. पण याचे श्रेय नुसत्या तटाला किंवा तोफांना देऊन भागत नाही. कचरलेल्या प्रमुखाला बाजूला करून कामाचा माणूस पुढे आणायची सोय त्या गादीत होती.

मात्र एक गोष्ट आम्ही मुलांपासून लपवली नाही, वाचकांपासूनही लपवणार नाही. ही निवड सरदारांची होती, रयतेची नव्हे. किनाऱ्यावरच्या गावांनी सिद्दींच्या आरमाराची लूटही सोसली आहे. सिद्दी आपल्या कलम्याचे म्हणून त्यांच्या लुटीवर पांघरूण घालायचे आणि दुसऱ्यांच्या लुटीचा हिशेब मांडायचा, असे करणाऱ्याने इतिहासाला हात लावू नये. हाच न्याय पलीकडच्यांनाही लागू आहे.

हा भाग घरी सांगत होतो तेव्हा आमच्या अम्मी म्हणाल्या, "अरे, हे तर हजरत उमर (रजि.) यांच्यासारखे झाले." त्यांचे म्हणणे खरे आहे. जखमी अवस्थेत हजरत उमर (रजि.) यांनी पुढचा खलीफा निवडण्यासाठी सहा जणांची शूरा नेमली, आणि आपले चिरंजीव अब्दुल्लाह यांनी मसलतीत हजर राहावे पण त्यांना खलीफा करू नये असे बजावले. बापाच्या पदावर लेकाचा हक्क आपोआप चालत नाही, हा धडा आपल्या घरात जुनाच आहे. आपण तो पाठ करतो, वापरत मात्र नाही. त्याकडे शेवटी येऊ.

जंजिऱ्यात हा नियम हळूहळू सैल झाला. अठराव्या शतकात गादी घराण्यात फिरू लागली आणि तिथून बाहेरच्यांचे हात आत शिरले. रसूल याकूतखान १७३३ च्या सुमारास वारला. वारसांत कलह पेटला. त्याच्या थोरल्या मुलाचा भावांनीच खून केला. त्या मुलाचा मुलगा अब्दुल रहमान मदत मागायला गेला तो थेट बाजीराव पेशव्यांकडे. काळाची गंमत पाहा. पेशव्यांचे भट घराणे मूळ श्रीवर्धनचे, म्हणजे सिद्दीच्याच मुलखातले. बाळाजी विश्वनाथांना सिद्दीच्या जाचामुळे घर सोडून घाटावर जावे लागले होते. आता त्याच सिद्दीच्या गादीचा फैसला करायला त्यांचा मुलगा कोकणात उतरला. १७३६ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने रेवसजवळ सिद्दी सातला लढाईत मारले. त्याच वर्षी तह झाला, अब्दुल रहमानाला गादी मिळाली आणि सिद्दींच्या हातचा बराच मुलूख मराठ्यांकडे गेला. पन्नास वर्षे तोफांनी जे झाले नव्हते ते घरातल्या भांडणाने तीन वर्षांत झाले.

पुढे पुन्हा तेच. गादीचा एक दावेदार अब्दुल करीमखान, ज्याला बाळूमियां म्हणत, पेशव्यांच्या आश्रयाला गेला. १७९१ मध्ये ठरले की त्याने जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना सोडून द्यायचा आणि बदल्यात सुरतेजवळचा सचीनचा मुलूख घ्यायचा. गुजरातचे सचीन संस्थान असे जन्माला आले. आमच्या वर्गातल्या मुलांना क्रिकेटपटू सचिन तेवढा माहीत, त्यामुळे इथे पुन्हा हशा. जंजिऱ्यात मात्र दुसरे सिद्दी बसलेले होते. कागदावर पेशव्यांची झालेली गादी त्यांनी प्रत्यक्षात सोडली नाही. बेट वाचले, पण बेटाच्या गादीची खरेदी-विक्री होऊ शकते हे जगाला कळून चुकले.

मग इंग्रज आले. त्यांनी तोफ डागली नाही. १८३४ मध्ये जंजिरा आपल्या अधिराज्याखाली असल्याचे सांगून त्यांनी संस्थानाची टांकसाळ बंद केली. ज्याच्या नावाचे नाणे पडत नाही तो राजा कसला! पुढे १८७० मध्ये नबाब इब्राहीमखान मुंबईला गेला असताना सिद्दी सरदारांनी त्याला पदावरून काढल्याचे जाहीर केले आणि मुलाला बसवले. सरदारांच्या त्या जुन्या हक्काची ही शेवटची उचकी. मुंबई सरकारने इब्राहीमखानाला पुन्हा गादीवर बसवले. पण त्याच सुमारास त्याचे फौजदारी अधिकार काढून इंग्रज एजंटाकडे दिले. गादी राखली आणि आतला कस काढून घेतला. वारसा कायद्याने चालेल अशी सनद मिळाली, अकरा तोफांची सलामी मिळाली. फत्तेखानाला ना सनद होती ना सलामी, पण त्याला काढायचे की ठेवायचे हे बेटावर ठरत असे.

शेवटच्या दोन नबाबांविषयी मुरूडची म्हातारी माणसे अजून आदराने बोलतात. सर सिद्दी अहमदखान १८७९ ते १९२२ गादीवर होते. मुरूडला पाणी देणारे गारंबीचे धरण नबाबी काळातलेच. त्यांच्यानंतर सिद्दी महंमदखान नबाब झाले तेव्हा ते आठ वर्षांचे होते. मग राज्य चालवले कोणी? त्यांच्या वालिदांनी. कुलसुम बेगम यांनी १९३३ पर्यंत, अकरा वर्षे, मुलाच्या नावाने संस्थानाचा कारभार पाहिला. ज्या गादीची सुरुवात दर्यावर्दी पुरुषांच्या हुद्द्यावरून झाली, तिचा कारभार शेवटी एका आईने सांभाळला. आमच्या वर्गातल्या मुलींना हे नाव कुठल्याही धड्यात भेटले नव्हते. चार तासिकांतला सगळ्यात शांत क्षण हाच होता.

१९४७ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि संस्थानी रयतेनेही तोंड उघडले. जानेवारी १९४८ च्या अखेरीस नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने जंजिरा मुक्तीचा लढा झाला. म्हसळा, श्रीवर्धन भागात लोकांनी संस्थानी ठाणी ताब्यात घेतली आणि नबाबांनी सत्ता सोडली. त्याच वर्षी संस्थान मुंबई प्रांतात विलीन होऊन कुलाबा जिल्ह्याचा भाग झाले. १९८१ पासून त्याच जिल्ह्याला आपण रायगड म्हणतो. म्हणजे जंजिरा आणि आमचे कडाव आज एकाच जिल्हाधिकाऱ्याखाली आहेत. होडीत 'तुमचा-आमचा' करणाऱ्या दोघांचा किल्ला एकच आहे, आणि सात-बारा काढायचा झाला तर तो सरकारचा आहे.

फळा भरला. पाटील, ठाणेदार, वजीर, वारसदार, सनदेचा नबाब आणि शेवटी मतदारांचा प्रतिनिधी. एक मुलगी उठून म्हणाली, "सर, तिसऱ्या रकान्यात पहिली ओळ सोडली तर खाली सगळीकडे 'नाही' आहे. फक्त शेवटी 'हो'." आम्ही मागे वळून पाहिले. खरेच होते. लिहिताना आमच्याही ध्यानात आले नव्हते.

ही वाट एकट्या जंजिऱ्याची नाही. मॉरिशस बेटाचे घ्या. आपल्याच कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही तिथे आहेत. १२ मार्च १९६८ ला ते बेट स्वतंत्र झाले तरी राष्ट्रप्रमुख राहिली इंग्लंडची राणी, जन्माच्या हक्काने. तिच्या वतीने गव्हर्नर-जनरल कारभार पाही. १९७२ मध्ये रमण उस्मान हे त्या पदावर आलेले पहिले भूमिपुत्र, आणि ते मुसलमान होते. १२ मार्च १९९२ ला बेट प्रजासत्ताक झाले आणि राष्ट्राध्यक्ष संसद निवडू लागली. त्याच वर्षी कासम उतीम राष्ट्राध्यक्ष झाले. २००२ मध्ये दहशतवादविरोधी कायद्याचा मसुदा त्यांच्यापुढे सहीला आला. तो त्यांना नागरिकांच्या हक्कांवर गदा आणणारा वाटला. त्यांनी सही केली नाही, राजीनामा दिला. पाठोपाठ उपराष्ट्राध्यक्ष अंगिडी चेट्टियार यांनीही तेच केले. कायदा पुढे झालाच. पण लोकांनी दिलेली खुर्ची सोडतानाही माणूस मोठा होऊ शकतो, हे त्या दोघांनी दाखवले. त्यातला एक मुसलमान, दुसरा हिंदू. आम्ही हे वर्गात मुद्दाम सांगितले.

आता वाचकहो, आपल्या उंबऱ्याशी येऊ.

जवळच्याच एका गावात मध्यंतरी जमातीची बैठक झाली. मशिदीचे मुतवल्ली इंतकाल पावले होते. माणूस नेक, तीस वर्षे खिदमत केली. बैठकीत कोणी तरी म्हणाले, "मुलगा आहे ना, त्याच्याकडे द्या, बापाचा मान आहे." मुलगा मुंबईला नोकरीत, ईद-बकरीदला येणारा. आणि कोपऱ्यात एक गृहस्थ बसले होते. गेली कित्येक वर्षे हिशेबाची वही तेच लिहीत होते, कबरस्तानच्या भिंतीसाठी तहसीलच्या फेऱ्या तेच मारत होते. त्यांचे नाव कोणी घेतले नाही. बैठक दोन तास चालली. आम्हीही तिथे होतो. पाहुणे म्हणून गेलो होतो, तरी बोलता आले असते. बोललो नाही. पद मुलाकडे गेले. वही अजून तेच गृहस्थ लिहितात.

जंजिऱ्याचा फळा आखताना ती बैठक सारखी डोळ्यांपुढे येत होती. मुलगा लायक असेल तर त्याने जरूर बसावे. लायकी बापामुळे येत नाही, तशी बापामुळे जातही नाही. पण विचारायला तर हवे. तिसरा रकाना रिकामा ठेवून गादी भरायची असेल तर मग नबाबांना नावे ठेवायचा आपल्याला काय हक्क? आणि विचारायचे झाले तर घरातल्या बायकांनाही विचारा. वर्गणीत त्यांचाही पैसा असतो. अकरा वर्षे संस्थान चालवणाऱ्या कुलसुम बेगम याच किनाऱ्यावरच्या होत्या.

पुढच्या महिन्यात त्या गावात वार्षिक हिशेबाची सभा आहे. आम्ही जाणार आहोत. या वेळी तोंड उघडायचे ठरवले आहे, आणि पहिला प्रश्न वहीविषयी असेल.

सहामाही परीक्षेत आम्ही एक प्रश्न घातला होता: जंजिरा किल्ला कोणाचा? होडीत कोपर मारणाऱ्या त्या पोराने लिहिले, "आधी कोळ्यांचा, मग निजामशहाचा, मग सिद्दींचा, मग इंग्रजांनी लक्ष ठेवलेल्या नबाबाचा, आता आपला." 'आपला' शब्दाखाली त्याने रेघ मारली होती. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. आम्ही पूर्ण गुण दिले.